टूलबारचे आयकॉन: गुळाच्या अडत दुकानासाठी सॉफ्टवेअर करतोय, चित्रं कशी असावीत?

गूळपेठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात मामांचा गुळाच्या अडतीचा (दलालीवर माल विकण्याचा) गाळा आहे. त्यांच्यासाठी डेस्कटॉपवर चालणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितोय, पायथन भाषा आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून. पुरं झालं की सोर्स खुला करणार आहे, म्हणजे इतर अडत्यांनाही वापरता येईल. आतला हिशोब बिनचूक चालतो. आता गाडी टूलबारपाशी आलीय.

नवीन, उघडा, सेव्ह, प्रिंट, शोधा यांची चिंता नाही, तयार संचांत मिळतात. प्रश्न आमच्या धंद्यातल्या बटणांचा आहे: आवक, वजन, सौदा, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब), उचल (आगाऊ दिलेली रक्कम), बारदान (पोती वगैरे), रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार वही). यांची चित्रं कुठल्याच संचात नाहीत. आवकसाठी गुळाची ढेप काढली. मोठ्या आकारात ती छान दिसते, पण १६ पिक्सेलवर आणली की वर रुंद, खाली निमुळती, म्हणजे हुबेहूब कचरापेटी! आणि कचरापेटी म्हणजे डिलीट, हे दिवाणजींना पक्कं ठाऊक आहे. सौद्याच्या घाईत आवकऐवजी डिलीट समजून कुणी बिचकलं तर ते मला परवडणारं नाही.

वापरणारे दोघं. मामा, गाळ्यावरच्या जुन्या १३६६ × ७६८ च्या मॉनिटरवर. आणि दिवाणजी, १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर. दिवाणजी साठीच्या पुढचे आहेत. लॅपटॉपवर सगळे आयकॉन पुसट दिसतात, असं ते म्हणतात.

चित्रकलेचं शिक्षण नाही, पण शिकायची पूर्ण तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

अर्धापिक्सेल

आधी पुसटपणाचं सांगतो, कारण त्याला पक्कं उत्तर आहे.

त्या आकाराच्या फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज बहुतेकदा १२५ टक्के स्केलिंग ठेवते. तुमचा १६ पिक्सेलचा आयकॉन तिथे २० पिक्सेलमध्ये दाखवावा लागतो. एक पिक्सेल जाडीची रेघ सव्वा पिक्सेलची होते, आणि पाव पिक्सेल पडद्यावर नसतोच. मग शेजारच्या पिक्सेलला फिकट राखाडी रंग देऊन वेळ मारून नेली जाते. तो राखाडी म्हणजेच दिवाणजींना दिसणारा पुसटपणा. डोळे त्यांचे ठीक आहेत.

'एसव्हीजी आहे, कुठल्याही आकारात चालेल' या भरवशावर राहू नका. असं व्हेक्टर (रेघांच्या गणितातून काढलेलं) चित्र मोठं करताना छान टिकतं, पण १६, २०, २४ या आकारांत एकेक पिक्सेल हाताने बसवावा लागतो. १६ आणि ३२ मध्ये सरळ दुप्पट आहे, ते जमून जातं. २४ म्हणजे १५० टक्के, तोही थोड्या डागडुजीनं निघतो. २० मात्र नव्याने काढायचा, त्याला पर्याय नाही.

इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ × १६ चं पान घ्या, एक पिक्सेलची ग्रिड लावा. एक पिक्सेल जाडीचा स्ट्रोक (रेघ) पूर्णांकावर ठेवलात तर तो रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सांडतो आणि दोन राखाडी ओळी मिळतात. तो ३.५, ७.५ अशा अर्ध्यावर ठेवला की एक काळी, कडक ओळ मिळते. स्ट्रोक न वापरता भरीव आकार काढलात तर कडा पूर्णांकावर हव्यात. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मा पुसटपणा जातो.

क्यूटीत एकाच क्यूआयकॉनला वेगवेगळ्या आकारांच्या फाइली जोडता येतात. हव्या त्या आकाराच्या जवळची फाइल तो उचलतो. फाइल मोठी असेल तर लहान करतो, पण लहान फाइल ताणून मोठी करत नाही. म्हणून चारही आकार द्या. क्यूटी ५ वर आहात की ६ वर? ५ मध्ये १.२५ सारखं स्केलिंग डीफॉल्टने पूर्णांकाकडे ढकललं जायचं, ६ मध्ये जसंच्या तसं घेतलं जातं. त्यामुळे एकच कोड दोन्हींत वेगळा दिसतो.

गूळपेठ

क्यूटी ६. अर्ध्या पिक्सेलचं लगेच करून पाहिलं. छापण्याच्या बटणावरची कागदाची कड एकदम ठसठशीत झाली. मनापासून आभार!

नदीकाठ

वाचतेय. आमच्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच पुसटपणा आहे, त्यामुळे सगळं उतरवून घेतेय.

जुनीपाटी

ढेपेबद्दल. अडचण तुमच्या हाताची नाही. १६ × १६ म्हणजे सगळे मिळून २५६ पिक्सेल, त्यात कडेची मोकळी जागा सोडली की १४ × १४ उरतात. एवढ्यात वस्तूचं चित्र बसत नाही, फक्त तिची बाह्याकृती बसते. ढेप, बादली, कुंडी, कचरापेटी यांची बाह्याकृती एकच. वरून चमक द्या, पोत द्या, डोळा आधी कडच वाचणार.

१९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी चिन्हं काढली ती चौकटीच्या कागदावर, ३२ × ३२ च्या घरांत, आणि रंग दोनच: काळा आणि पांढरा. त्याच यंत्रावरच्या मॅकपेंटमध्ये डावीकडे हत्यारांची पट्टी होती. पेन्सिल, खोडरबर, रंगाची बादली, फवारा, निवडीचा फास. आजही कुठल्याही चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मंडळी भेटतात. ती टिकली त्याचं कारण मला तरी हेच दिसतं की एकाची कड दुसरीसारखी नाही. पेन्सिल तिरपी आणि अरुंद, खोडरबर आडवा ठोकळा, बादली कललेली आणि तिच्यातून काहीतरी सांडतंय. शेजाऱ्यांपासून वेगळं दिसणं हेच त्यांचं बळ.

म्हणून माझा आग्रह असा की एकेक आयकॉन सुटा काढू नका. आठही एका ओळीत मांडा, सगळे काळ्या रंगानं भरून टाका, दोन हात लांब जा आणि पाहा. जे दोन एकमेकांत मिसळतील त्यांतला एक बदला.

दुसरं, वस्तू आज वापरात आहे की नाही याची फार फिकीर करू नका. सोनीने साडेतीन इंची फ्लॉपीची जपानमधली विक्री २०११ मध्ये थांबवली, सेव्हचं बटण अजून तेच आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या टँगो या खुल्या आयकॉन संचाच्या प्रकल्पाने सेव्हसाठी हार्ड डिस्क आणि खाली येणारा बाण असं चित्र दिलं होतं. तर्काला ते धरून होतं. पण हार्ड डिस्क म्हणजे करडा चपटा डबा, त्याला स्वतःची अशी कड नाही. फ्लॉपीला आहे: कापलेला कोपरा, वर धातूची पट्टी, खाली लेबल. वजनासाठी तुम्ही तराजूच काढा. गाळ्यावर इलेक्ट्रॉनिक काटा असेल, पण तो १६ पिक्सेलवर नुसता चौकोन दिसेल. तराजू लांबूनही तराजूच दिसतो.

रात्रपाळी

तराजूला +१.

रंगाचं बोलू. हल्ली सगळीकडे एकरंगी, राखाडी, बारीक रेघांचे आयकॉन आहेत. देखणे असतात, मान्य. पण रोज आठ तास बसणाऱ्या माणसाला ते जड जातात, असं माझं ठाम मत आहे.

२०१२ ची गोष्ट. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या बीटामध्ये टूलबारमधला रंग जवळजवळ काढून टाकला होता. प्रोग्रामर मंडळींनी इतका विरोध केला की पुढच्या आरसीत (अंतिम होण्याआधीच्या आवृत्तीत) मायक्रोसॉफ्टला बऱ्याच आयकॉनांत रंग परत आणावा लागला. २०१८ मध्ये जिंप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरची २.१० आवृत्ती आली तेव्हा एकरंगी आयकॉन आणि गडद थीम डीफॉल्ट झाली. कित्येकांनी सेटिंगमध्ये जाऊन पहिल्यांदा काय केलं असेल तर रंगीत आयकॉन परत लावले. ती सोय जिंपने ठेवली होती हे चांगलं.

रंग असला की डोळ्याला चित्र वाचावं लागत नाही. 'ते पिवळं बटण' म्हणून हात थेट जातो. एकरंगी संचाची आणखी एक अडचण फारसं कुणी बोलत नाही. बटण बंद असेल तेव्हा क्यूटी त्याच आयकॉनची राखाडी आवृत्ती आपोआप बनवते. मूळ आयकॉनच राखाडी असेल तर बंद बटण आणि चालू बटण ओळखायचं कसं?

तुमच्यासाठी तीन गट करा. मालाची बटणं (आवक, वजन, बारदान) गुळाच्या तांबूस-पिवळ्यात, पैशाची (सौदा, पट्टी, उचल) हिरव्यात, वह्यांची (रोजकीर्द, खतावणी) निळ्यात. लाल फक्त डिलीटला, दुसऱ्या कुणालाही नाही.

पांढरीकाठी

रात्रपाळी, गट आवडले, पण रंगावर एकट्यावर भार टाकू नका. लाल-हिरव्याचा फरक न दिसणारे लोक आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत, आणि पुरुषांत तर बरेच. अडत बाजारात बसणारे बहुतेक पुरुषच. तुमचा तांबूस-पिवळा आणि हिरवा त्यांना जवळजवळ सारखा दिसू शकतो. एक फिका आणि एक गडद ठेवलात तर रंग नाही दिसला तरी फरक दिसेल. तपासायची पद्धत सोपी: टूलबारचा स्क्रीनशॉट घ्या, रंग काढून टाका आणि गट ओळखू येतात का पाहा.

कॉन्ट्रास्टचं एक मोजमापही आहे. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या नियमावलीत (२०१८) चिन्हांसाठी पार्श्वभूमीशी किमान ३:१ असा कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. डेस्कटॉपला ते बंधन नाही, पण आकडा म्हणून जरूर धरा. पिवळा पांढऱ्यावर हमखास नापास होतो, म्हणून टँगोतल्यासारखी त्याच रंगाची गडद बाह्यरेषा द्या. गडद थीमवरही तीच रेषा तपासा.

आणि विनंती अशी की प्रत्येक बटणाला ॲक्सेसिबल नाव द्या. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) चित्र वाचू शकत नाही. मी स्वतः त्यावर अवलंबून आहे, आणि बिननावाचं बटण माझ्यासाठी नुसतं 'बटण' असतं.

गूळपेठ

पांढरीकाठी, नाव प्रत्येक बटणाला देतोच, आज रात्रीच. हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं.

एक शंका. चित्रांचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा अक्षरंच का वापरू नयेत? आवकला 'आ', पट्टीला 'प', उचलला 'उ'. वर्डमध्ये ठळक-तिरप्यासाठी अक्षरंच असतात ना?

बोरूचीटोक

असतात, आणि ती भाषेप्रमाणे बदलतातही. जर्मन वर्डमध्ये ठळकसाठी एफ, तिरप्यासाठी के. लिबरऑफिसच्या आयकॉन संचांत तर भाषावार वेगळी चित्रं ठेवायची सोय आहे. म्हणजे कल्पना चुकीची नाही. पण देवनागरी १६ पिक्सेलमध्ये बसवताना काय होतं ते आधी ऐका.

शिरोरेखेला एक ओळ जाते, ठळक हवी तर दोन. अक्षराचं अंग आठ-नऊ ओळींचं. वर वेलांटी किंवा मात्रा असेल तर आणखी तीन ओळी, खाली उकार असेल तर तेवढ्याच. मात्रेसाठी जागा राखून ठेवली की 'प' सारखं साधं अक्षर उगाच बारकं दिसतं. नाही राखली तर 'ति' चं डोकं कापलं जातं. 'आ' म्हणजे 'अ' आणि काना: उभ्या दोन रेघा, डावीकडे दोन वळणं, मधला जोड. जाड केलात तर पोटातली पांढरी जागा बुजते. 'उ' सुटसुटीत आहे, 'प' उत्तम, 'ठ' तर फारच छान बसतो. पण तुमची बटणं या अक्षरांच्या सोयीनं ठरलेली नाहीत. शिवाय सगळ्या अक्षरांना वर तीच आडवी रेघ. वर जुनीपाटींनी कडेचं सांगितलं ते इथे उलटं लागू होतं: आठही बटणांची वरची कड एकच झाली.

फाँटमधून अक्षर उचलून चिकटवणार असाल तर तेही नको. काढायचं असेल तर पिक्सेलनं काढा. तिरपं करताना शिरोरेखा आडवीच राहते, कलते ती फक्त उभी रेघ, म्हणून 'ग', 'म' अशी काना असलेली अक्षरं घ्यावीत. अधोरेखिताला अक्षर आणि रेघ यांत दोन ओळी मोकळ्या हव्यात, नाहीतर वर शिरोरेखा, खाली रेघ, आणि मध्ये कोंडलेलं अक्षर असा डबा तयार होतो. या कामावर माझा फार जीव आहे म्हणून लांबण लागली.

रुपयाचं चिन्ह मात्र जरूर वापरा. २०१० मध्ये स्वीकारलं गेलेलं हे चिन्ह डी. उदय कुमार यांचं. वर दोन आडव्या रेघा, खाली तिरका पाय. १६ पिक्सेलमध्ये एकटं असेल तर झकास बसतं. पण कोपऱ्यात बिल्ल्यासारखं सात पिक्सेलमध्ये टाकू नका: रेघ, फट, रेघ यातच तीन ओळी संपतात आणि खालच्या वळणाला जागाच उरत नाही.

खतावणी_१९

मी वेगळ्या बाजूनं बोलतो. मी हिशोबनीस आहे, डिझायनर नाही.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या उजव्या पट्टीत आयकॉन नाहीत. शब्द आहेत आणि की आहेत. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. हिशोबात मुरलेल्या माणसाचा हात माउसकडे जातच नाही. तुमच्या दिवाणजींनी टॅलीवर काम केलं असेल तर त्या की त्यांच्या बोटांत आहेत, त्यांना धक्का लावू नका. उचल एफ५ वर, येणं एफ६ वर. टूलटिपमध्येही की लिहा.

आणि 'उचल' या शब्दाला चित्र शोधताच कशाला? शब्द लिहा. शेतकऱ्यालाही तो कळतो.

जुनीपाटी

खतावणी, तुमच्याशी बऱ्याच अंशी सहमत. आउटलुकच्या सुरुवातीच्या आवृत्तीत नुसत्या आयकॉनांचा टूलबार होता आणि नवखे लोक तो वापरतच नव्हते. चित्रं बदलून फार फरक पडला नाही. मोजक्या, महत्त्वाच्या बटणांशेजारी शब्द लिहिल्यावर पडला. सगळ्यांना शब्द द्यायची गरज नसते. सेव्ह, प्रिंट यांना काय कळायचं राहिलंय?

पण मग आयकॉन कशाला, याचं उत्तर मी असं देईन: शब्द कळण्यासाठी, आयकॉन सापडण्यासाठी. पहिल्या आठवड्यात माणूस 'पट्टी' हा शब्द वाचतो. महिन्याभराने तो वाचत नाही, हिरवा, खाली दातेरी कड असलेला कागद डोळ्याच्या कोपऱ्यातून पकडतो. म्हणूनच बटणांची जागाही कधी हलवू नका. खिडकी लहान झाली की बटणं आपोआप दुसऱ्या ओळीत सरकवणारे टूलबार असतात, ते टाळा.

अर्धापिक्सेल

शब्द लिहिणार असाल तर एक काळजी घ्या. क्यूटीत आयकॉनशेजारी शब्द दाखवायची सोय आहेच, पण स्टाइलशीटमध्ये बटणाची उंची ठरावीक करून ठेवू नका. देवनागरीला लॅटिनपेक्षा जास्त उंची लागते. 'रोजकीर्द'चा रफार आणि वेलांटी वर, दुसऱ्या कुठल्या शब्दाचा उकार खाली. उंची बांधून टाकली की यांतलं काहीतरी कापलं जातं, आणि हे इंग्रजी लेबलांवर तपासताना लक्षातही येत नाही.

१३६६ पिक्सेल रुंदीत आठ शब्द आणि आठ आयकॉन आरामात मावतील. सेव्ह-प्रिंटची मंडळी शब्दांशिवाय डावीकडे, मग एक उभी दुभाजक रेघ, मग धंद्याची बटणं.

रात्रपाळी

तयार संच घेताना परवाना पाहिलात का? सोर्स खुला करणार म्हणालात म्हणून विचारतो. टँगोचे आयकॉन सार्वजनिक मालकीत आहेत, काहीही करा. केडीई या लिनक्स डेस्कटॉपचा ब्रीझ संच एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. दोन संच मिसळू नका: टँगोला गडद कड आणि आत उजळ रेघ असते, ब्रीझ सपाट आहे, दोन्ही शेजारी विजोड दिसतात. फ्रीकॅड या तांत्रिक रेखाटनाच्या सॉफ्टवेअरचे आयकॉनही टँगोच्याच रंगांवर बेतलेले आहेत. ते उघडून पाहा, तांत्रिक धंद्याची अवघड चित्रं त्याच रंगपेटीत कशी बसवली आहेत ते दिसेल.

फाइलींना नावं देताना फ्रीडेस्कटॉप या लिनक्स डेस्कटॉपची सामाईक मानकं ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या नामावलीप्रमाणे द्या, म्हणजे लिनक्सवर वापरणाऱ्याच्या थीमचे आयकॉन आपोआप लागतील. धंद्याच्या बटणांना मात्र स्वतःची नावं आणि स्वतःच्या फाइली.

गूळपेठ

सगळ्यांचं ऐकून आज टूलबार पुन्हा मांडला. टँगोची रंगपेटी घेतली. वजन: तराजू. पट्टी: खाली दातेरी कड असलेला कागद. उचल: नुसतं रुपयाचं चिन्ह, पूर्ण आकारात. बारदान: तोंड बांधलेलं पोतं. रोजकीर्द: उघडी वही. खतावणी: मिटलेली, बाजूला टॅब असलेली वही. सौदा: दोन हात जमेनात, १४ पिक्सेलमध्ये बोटं म्हणजे चिखल होतो, म्हणून भावफलकासारखी पाटी केली. आठही बटणांना शब्द दिले. काळ्या रंगानं भरून लांबून पाहिलं: पट्टी आणि सौदा अजून मिसळतात, बाकी सुटे दिसतात.

दिवाणजींना दाखवलं. एफ५ ला उचल पाहून ते मनापासून खूष झाले.

आवक मात्र अजून अडली आहे. खोक्यात शिरणारा बाण सुचतोय, पण तो डाउनलोडसारखा दिसतो.

जुनीपाटी

ढेप सोडू नका, उलटी ठेवा. साच्यातून काढून पालथी ठेवलेली ढेप वर निमुळती आणि खाली रुंद असते. कचरापेटी अशी कधीच नसते. एकच ठेवू नका, खाली दोन आणि वर एक अशी रास करा. १६ पिक्सेलमध्ये प्रत्येकी सहा पिक्सेल रुंदी मिळते, मध्ये एक पिक्सेलची फट. बाण नको. सौद्याची पाटी एका पायावर उभी करा, म्हणजे पट्टीच्या कागदापासून तुटेल.

अर्धापिक्सेल

सहाची रुंदी सम आहे, त्यामुळे ढेपेचा माथा चार पिक्सेलचा ठेवा, दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल आत. तीन किंवा पाच ठेवलात तर एका बाजूला कललेली दिसेल. खाली दोन ढेपा आणि मधली फट मिळून १३ होतात, १४ मध्ये बसतात. पण वरची ढेप बरोब्बर मध्ये यायची तर फट दोन पिक्सेलची करा, मग पूर्ण १४ भरतात. २० च्या फाइलमध्ये ढेप आठची, माथा सहाचा, फट दोनचीच.